कुजायचं राहून गेलं म्हणून

आठवीतल्या कुठल्याही मुलाला विचारा, दगडी कोळसा कसा तयार झाला? एका दमात उत्तर येतं: कोट्यवधी वर्षांपूर्वी झाडं जमिनीखाली गाडली गेली, दाब आणि उष्णता यांमुळे त्यांचा कोळसा झाला. उत्तर बरोबर आहे, दोन मार्क हमखास. आता त्याच मुलाला पुढचा प्रश्न विचारा. शाळेमागचं वादळात पडलेलं गुलमोहराचं झाड खड्डा खणून पुरलं, तर त्याचाही कोळसा होईल का? बरीच मुलं 'हो' म्हणतात. फक्त वेळ लागेल, अशी पुस्ती जोडतात. काही गप्प बसतात. "नाही, ते कुजून जाईल," असं म्हणणारं एखादंच निघतं आणि खरा धडा तिथून सुरू होतो.

पृथ्वीवर आजवर जेवढी झाडं वाढली, त्यांतली जवळजवळ सगळी पडली आणि कुजली. समुद्रातले सूक्ष्मजीवही तसेच मेले आणि कुजले. झाडांनी आणि शेवाळांनी हवेतून घेतलेल्या कार्बनपैकी हजारात एक भागही कायमचा गाळात अडकत नाही. बाकीचा सगळा परत हवेत जातो. कोळसा आणि खनिज तेल ही त्या हजारातल्या एकाहूनही लहान अशा हिश्श्याची कहाणी आहे. म्हणून मुलांना आधी विचारायला हवं ते असं, की हे कुजलं का नाही? दाब आणि उष्णता फार नंतर येतात. पाठ्यपुस्तकातलं वाक्य घाईघाईनं तिथे पोहोचतं आणि मधला सगळा मजकूर गाळून टाकतं.

आणखी एक गोंधळ आधीच निस्तरावा. इस्त्रीवाल्याकडे किंवा ढाब्याच्या तंदूरमध्ये मुलांनी पाहिलेला असतो तो लोणारी कोळसा. लाकडं रचून, वर माती लिंपून, आत जेमतेम हवा जाईल अशा बेतानं भट्टी लावली की काही दिवसांत तो तयार होतो. त्यात आगीचा हात असतो. दगडी कोळसा बहुतेकांनी हातात घेतलेलाच नसतो, त्यामुळे 'जमिनीखाली झाडं जळून कोळसा झाला' अशी समजूत मुलांच्या डोक्यात बेमालूम बसते. ती शब्दांनी खोडून निघत नाही. दोन्ही कोळशांचे तुकडे शेजारी ठेवावेत. लोणारी कोळसा हलका, पाण्यावर तरंगणारा, लाकडाच्या रेषा जशाच्या तशा दाखवणारा. दगडी कोळसा जड, पाण्यात टाकला की थेट तळाशी जाणारा, आणि आडव्या पट्ट्यांचा. एक पट्टी चकचकीत, तर तिच्याखालची मातकट. त्या मातकट पट्टीकडे आपण परत येणारच आहोत.

जळतं ते काय?

शहरातल्या मुलाला इंधन दिसतच नाही. नळ फिरवला की पाणी, कळ फिरवली की गॅस. घरातल्या आजीला मात्र इंधनाचा अख्खा इतिहास पाठ असतो. मुलांना तो लिहून आणायला सांगावा. काटक्या, गोवऱ्या, विदर्भ-मराठवाड्यात तुरीच्या तुऱ्हाट्या आणि कापसाच्या पऱ्हाट्या, भुशाची शेगडी, बंबात टाकायच्या ढलप्या, रॉकेलचा वातीचा स्टोव्ह, मग पंपाचा स्टोव्ह आणि ऐन वेळी न सापडणारी त्याची पिन. आजीला हेही विचारावं की कशावर भाकरी लवकर व्हायची, कशानं डोळे झोंबायचे, भांड्याला काजळी कशानं जास्त धरायची. या उत्तरांत इंधनाचं निम्मं शास्त्र आहे. एक किलो गोवरीपासून साधारण सहा ते आठ हजार किलोज्यूल उष्णता मिळते, लाकडापासून सतरा हजारांच्या पुढे, आणि एक किलो एलपीजीपासून गोवरीच्या सहा-सातपट. आजीनं हे चुलीपुढे बसून मोजलेलं असतं, फक्त किलोज्यूलमध्ये नाही.

मग एक मेणबत्ती पेटवावी. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानं देत असे. १८६०-६१ च्या हिवाळ्यातली त्याची सहा व्याख्यानं फक्त मेणबत्तीवर होती. त्यातला एक प्रयोग आजही वर्गात टाळ्या घेतो. मेणबत्ती काही वेळ जळू द्यायची, हलकेच फुंकर मारून विझवायची आणि वातीतून वर चढणाऱ्या पांढुरक्या धुराच्या रेघेला पेटती काडी लावायची. काडी वातीपासून बोटभर लांब असली तरी ज्योत त्या रेघेवरून झपकन खाली उतरते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. (मोठं माणूस जवळ हवं, पंखा बंद हवा.) म्हणजे जळत होती ती मेणाची वाफ. लाकडाचंही तसंच; ओलं लाकूड आधी धुमसतं, त्यातून वायू सुटायला लागला की मगच ज्योत धरतं.

त्याच मालिकेतल्या शेवटच्या व्याख्यानात फॅरेडेनं मेणबत्तीचं जळणं आणि माणसाचा श्वास यांची सांगड घातली. दोन्हींत कार्बन हवेतल्या ऑक्सिजनला भेटतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, उष्णता मिळते. हे पटायला मुलांना आरशाचा एक तुकडा पुरतो. त्यावर तोंडानं वाफ सोडा, धुकं धरतं. तोच थंड आरसा ज्योतीच्या वर क्षणभर धरा, तरी धुकं धरतं. दोन्हीकडून पाणी येतं आहे.

इथून कुजण्याकडे यायला एकच पायरी आहे. थंडीतल्या सकाळी उकिरड्यातून वाफा निघताना खेड्यातल्या मुलांनी पाहिलेल्या असतात. शहरातल्या शाळेत पालापाचोळ्याचा चांगला मोठा ढीग ओला करून ठेवला आणि आठवड्यानं त्यात लांब थर्मामीटर खुपसला, तर पारा पन्नास-साठ अंशांपर्यंत चढलेला दिसू शकतो. खाली कुणी आग लावलेली नाही. बुरशी आणि जिवाणू पाला खातात, आपल्यासारखाच श्वास घेतात, त्याचीच ही ऊब. ओलं गवत गंजीत रचलं तर ती आपोआप पेटूही शकते, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कुजणं म्हणजे सावकाश जळणं. दोन्हींचा शेवट एकच: कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोडी राख किंवा माती.

एवढं समजलं की इंधन म्हणजे काय, याचं उत्तर मुलं स्वतःच देतात. जे अजून जळलेलं नाही आणि कुजलेलंही नाही, ते. मग कोळशाचा प्रश्न उभा राहतो: कोट्यवधी वर्षांत ते कुजलं कसं नाही?

काळा चिखल

उत्तर ओहोटीच्या वेळी खाडीवर मिळतं. ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत कुठेही, तिवरांच्या कडेला, जिथे चिखल पायाखाली दबतो तिथे. वरचा पातळ थर तपकिरी असतो. खुरप्यानं वीतभर खणलं की खालचा चिखल काळाभोर निघतो आणि सडक्या अंड्यांचा भपकारा येतो. मुलं नाक दाबून मागे सरतात. सरू द्यावीत, हा वास ती विसरत नाहीत. तो हायड्रोजन सल्फाइडचा वास आहे आणि त्याचा अर्थ एवढाच की खाली ऑक्सिजन पोहोचत नाही. पाण्यानं भरलेल्या बारीक गाळात हवा शिरत नाही. जी थोडीफार विरघळून येते ती वरच्या थरातले जिवाणू संपवतात. खाली राहतात ते ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू, आणि त्यांचं काम फार संथ. त्या चिखलातून तिवराचं जुनं पान काढून धुवावं. काळं पडलेलं असतं, पण शिरा शाबूत असतात. जमिनीवरच्या पानाचा एवढ्या काळात मागमूसही उरला नसता.

देशावरच्या शाळेला खाडी नाही म्हणून अडत नाही. गावतळ्याच्या तळाशी काठी खुपसून ढवळली की बुडबुडे येतात. १७७६ मध्ये इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठी अलेस्सांद्रो व्होल्टानं हेच केलं, ते बुडबुडे बाटलीत धरले आणि तो वायू पेटतो असं दाखवलं. पुढे विजेची बॅटरी करणारा तोच हा व्होल्टा. तो वायू म्हणजे मिथेन. अर्धवट कुजलेल्या पाल्याचं इंधन.

चंद्रपूरचा बर्फ

आता विदर्भात जायचं. चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड, कामठी. इथे कोळसा म्हणजे रोजचा विषय. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खाणी, रस्त्याकडेचे मातीचे डोंगराएवढे ढिगारे, डंपरची रांग, दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसणारी काळी भुकटी. इथल्या मुलांना 'झाडं गाडली गेली' म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे ताडोबासारखं जंगल येतं. प्रत्यक्षात ती झाडं वाढली तेव्हा तिथे ताडोबासारखं काहीच नव्हतं. साग नव्हता, बांबू नव्हता, गवत नव्हतं, जगात एकही फूल नव्हतं. आणि थंडी होती.

सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी भारत, आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका एकमेकांना चिकटून होते. त्या महाखंडाला भूवैज्ञानिक गोंडवन म्हणतात आणि ते नाव मध्य भारतातल्या गोंडांच्या मुलखावरून पडलं आहे. चंद्रपूरच्या मुलांना हे आवर्जून सांगावं. भारत तेव्हा दक्षिण ध्रुवाच्या बराच जवळ होता आणि त्यावर हिमनद्या होत्या. चंद्रपूरजवळ इरई इथे चुनखडीच्या गुळगुळीत खडकावर समांतर ओरखडे आहेत. तळात अडकलेले धोंडे घेऊन सरकणाऱ्या बर्फानं ते ओढले. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात तिथे उभं राहून 'इथे हिमनदी होती' हे ऐकणं म्हणजे मुलांच्या कल्पनाशक्तीची परीक्षाच.

बर्फ वितळला, नद्या वाहू लागल्या, सखल भागात दलदली झाल्या. त्यांत ग्लॉसोप्टेरिस नावाचं झाड माजलं. त्याची पानं जिभेच्या आकाराची, मधोमध ठळक शीर. ध्रुवाजवळच्या लांब हिवाळ्याआधी ते पानं झाडून टाकायचं. दलदलीच्या तळाशी त्यांचे थरच्या थर साचत. याच झाडाची एक गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. १९१२ मध्ये कॅप्टन स्कॉट आणि त्याचे साथीदार दक्षिण ध्रुवावरून परतताना बर्फात मरण पावले. अन्न संपत आलं होतं, पाय सुजले होते, तरी त्यांनी बियर्डमोर हिमनदीजवळ गोळा केलेले सुमारे १६ किलो दगड शेवटपर्यंत टाकून दिले नाहीत. नंतर त्या दगडांत ग्लॉसोप्टेरिसच्या पानांचे ठसे सापडले. जे पान उमरेडच्या खाणीतल्या दगडात, तेच अंटार्क्टिकावर. खंड एकेकाळी जोडलेले होते याचा हा एक भक्कम पुरावा ठरला.

दलदलीत पडलेला पाला त्या काळ्या चिखलातल्या पानासारखाच अर्धवट कुजला आणि साचत गेला. अशा साठ्याला पीट म्हणतात. पीट वाढतं ते वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर. पुढे जमीन हळूहळू खचली, नद्यांनी वर वाळू आणि गाळ आणून टाकला, पुन्हा दलदल झाली, पुन्हा गाळ. पाच ते दहा मीटर पीट दबून मीटरभर कोळसा होतो, म्हणजे कोळशाच्या मीटरभर थरामागे काही हजार वर्षांची विनाखंड दलदल हवी. दाब आणि उष्णता यांचं काम आता सुरू होतं: पाणी पिळून निघतं, ऑक्सिजन आणि हायड्रोजन असलेले वायू निघून जातात, कार्बनचं प्रमाण वाढत जातं. पीटचा लिग्नाइट होतो, जसा तमिळनाडूत नेय्वेलीला आहे. लिग्नाइटचा चंद्रपूरसारखा दगडी कोळसा. आणि आणखी तापला तर अँथ्रासाइट.

दोन गोष्टी इथे थांबून सांगाव्यात. पहिली त्या मातकट पट्टीची. आपल्या दलदलींत नद्या सतत माती आणून मिसळत होत्या. त्यामुळे भारतीय कोळशात राखेचं प्रमाण खूप, बऱ्याचदा तीस ते चाळीस टक्के. शंभर किलो जाळले की तीस-चाळीस किलो राख. चंद्रपूरच्या वीजकेंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्यासाठी रोज किती कोळसा आत जातो आणि किती राख बाहेर येते, याचा हिशेब मुलांना मनानं करू द्यावा. राखेच्या विटा होतात, सिमेंटमध्ये ती मिसळतात, तरी ती उरतेच.

दुसरी गोष्ट एका लोकप्रिय कथेची. त्या काळी लाकूड कुजवणारी बुरशीच जन्माला आली नव्हती, म्हणून झाडं कुजली नाहीत आणि कोळसा झाला, असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. कथा चटकदार आहे, पण २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सविस्तर अभ्यासानं तिचा पाया काढून घेतला. कोळसा साचला तो दलदलीमुळे आणि खचत्या जमिनीमुळे. खाडीचा वास घेतलेल्या मुलांना हे पटवावं लागत नाही.

साताऱ्याचं किंवा नाशिकचं मूल विचारेल, आमच्याकडे कोळसा का नाही? कारण तिथली जमीन लाव्हाची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा पुन:पुन्हा पसरून दख्खनचं पठार आणि सह्याद्री तयार झाले. वितळलेल्या दगडात झाडांचा कोळसा कसला साठणार? महाराष्ट्राचा कोळसा पूर्वेला आहे तो लाव्हा तिथे संपतो किंवा झिजून गेला आहे म्हणून. जुने थर तिथे उघडे पडले.

तेलात डायनासोर नाहीत

खनिज तेलाबद्दल मुलांच्या दोन ठाम समजुती असतात. एक, ते डायनासोरपासून झालं. दोन, जमिनीखाली तेलाची तळी आहेत. पहिलीचं खापर थोडंफार जाहिरातींवर फोडता येतं. अमेरिकेतल्या सिंक्लेअर कंपनीनं १९३० पासून आपल्या जाहिरातींत डायनासोर आणला, १९३३ च्या शिकागोच्या जागतिक मेळ्यात डायनासोरांचं प्रदर्शनच मांडलं, आणि तो हिरवा प्राणी पेट्रोलपंपांवर कायमचा बसला. प्लॅस्टिकचा डायनासोर हातात घेऊन 'हा स्वतःच्याच पूर्वजांपासून बनलाय' असा विनोद अजूनही चालतो.

खरं तेल आलं ते डोळ्यांनाही न दिसणाऱ्या जिवांपासून. समुद्राच्या वरच्या थरात तरंगणारी सूक्ष्म शैवालं आणि त्यांवर जगणारे बारीक जीव मरून तळाशी पडतात. तळाशी ऑक्सिजन असेल तर कुजून जातात. नसेल, तर बारीक गाळात मिसळून राहतात. म्हणजे पुन्हा तोच काळा चिखल, फक्त समुद्राच्या तळाशी. त्यावर गाळ साचत जातो, चिखल खोल जातो आणि तापतो. खाली जावं तसं तापमान किलोमीटरला साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. तीन किलोमीटरवर किती होईल, हे गणित मुलं तोंडी करतात. चहाचं पाणी उकळेल एवढं, त्याच्या थोडंफार पुढेमागे. ६० ते १५० अंशांच्या दरम्यान गाळातल्या सेंद्रिय पदार्थाचे लांबलचक रेणू तुटून तेल होतं. त्याहून जास्त तापलं की तेलही तुटून वायू उरतो. त्याहून थंड राहिलं तर लाखो वर्षं वाट पाहूनही काही हाती लागत नाही.

आता तळ्याचा गैरसमज. काचेचा पेला कोरड्या वाळूनं काठोकाठ भरा. मुलांना विचारा, यात आणखी काही मावेल का? मग मोजून पाणी ओता. पेल्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं पाणी सहज जिरतं. पाणी दिसत नाही, पण आहे. तेल असंच खडकाच्या बारीक छिद्रांत असतं. ते पाण्याहून हलकं, त्यामुळे छिद्राछिद्रांतून वर सरकत राहतं. कुठे अडलं नाही तर जमिनीवर येऊन संपून जातं. उपडी घातलेल्या कढईसारखा, घट्ट मातकट दगडाचा थर वाटेत आडवा आला, तरच त्याखाली ते जमा होतं. तेल शोधणं म्हणजे अशा कढया शोधणं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोर अशी एक मोठी कढई आहे: मुंबई हाय. मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर, जिथे समुद्र अवघा ७५ मीटर खोल आहे. फेब्रुवारी १९७४ मध्ये ओएनजीसीच्या 'सागर सम्राट' या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगनं तिथे तेल शोधलं आणि १९७६ पासून मुंबई हायचं तेल येऊ लागलं. तिथला थरांचा क्रम मुलांना फळ्यावर काढून दाखवण्यासारखा आहे. खालच्या खडकांत दख्खनचा लाव्हा आहे, सह्याद्रीचाच. त्याच्यावर उथळ समुद्राचा आणि खाजणांचा गाळ, ज्यात समुद्रातले जीव आणि किनाऱ्यावरून वाहून आलेला पालापाचोळा दोन्ही होतं. तेल मुख्यतः या गाळात शिजलं. त्याहून वर समुद्री जीवांच्या कवचांची सच्छिद्र चुनखडी, जिच्यात ते येऊन साठलं.

म्हणजे मुंबई हायचं तेल ज्या गाळातून आलं, तो लाव्हानंतरचा. लाव्हाच्या सुमारास पृथ्वीवरचे डायनासोर संपले होते. आणि चंद्रपूरचा कोळसा साचला तेव्हा ते जन्मालाच आले नव्हते. महाराष्ट्राच्या दोन्ही ठेव्यांना डायनासोर चुकले! अरबस्तानातलं बरंच तेल त्यांच्या काळातलं आहे, पण तेही समुद्रातल्या सूक्ष्मजीवांचंच.

तीनशे मीटरची दोरी

कोटी म्हणजे किती, हे मुलांना कळत नाही. मोठ्यांनाही फारसं कळत नाही. मैदानावर चालून दाखवावं. एक मिलिमीटर म्हणजे हजार वर्षं धरायची. मग एक मीटर म्हणजे दहा लाख. शाळेच्या फाटकाला 'आज' म्हणायचं आणि खेळाच्या स्पर्धांना लागतो तो लांब टेप आणि तीनशे मीटरची दोरी घेऊन रस्त्यानं निघायचं. पन्नास-साठ मीटरवर मुंबई हायचा गाळ. ६६ मीटरवर सह्याद्रीचा लाव्हा आणि डायनासोरांचा शेवट. २३० च्या आसपास पहिले डायनासोर. पावणेतीनशेच्या सुमारास चंद्रपूरची दलदल. तीनशे मीटरवर बर्फ. प्रत्येक ठिकाणी एक मूल पाटी धरून उभं करायचं.

आता फाटकाशी परत या. आपली, म्हणजे आजच्या माणसाची, जात तीस सेंटिमीटरवर. शेतीची सुरुवात एका सेंटिमीटरवर. शिवाजी महाराज मिलिमीटरच्या एक तृतीयांशावर. १७७४ मध्ये बंगालात राणीगंजला कोळसा खणायला सुरुवात झाली, ती पाव मिलिमीटरवर. मुंबई हाय केसाच्या जाडीहूनही अलीकडे. हे पाहिल्यावर 'पुनर्निर्मिती न होणारी साधनसंपत्ती' ही व्याख्या पाठ करून घ्यायची गरज उरत नाही. कोळसा आजही कुठेतरी तयार होतोच आहे. निलगिरीच्या उंच पठारांवरच्या दलदलींत पीट साचलेलं आहे. फक्त त्याचा वेग दोरीवर मीटरमध्ये मोजायचा आणि आपल्या खर्चाचा केसात.

'मग तेल संपणार कधी?' हा प्रश्न येतोच. इथे वर्षांचा आकडा सांगायचा मोह आवरावा, असं माझं मत आहे. 'अजून अमुक वर्षं पुरेल' हा आकडा म्हणजे सापडलेला आणि परवडेल अशा खर्चात निघणारा साठा, भागिले वर्षाचा खप. नवा साठा सापडला, तंत्र सुधारलं, भाव चढला की भागाकार बदलतो. मुंबई हायचं उत्पादन १९८० च्या दशकाअखेरीस शिखरावर होतं, पुढे उतरलं, तरी तिथून आजही तेल येतं. दहा वर्षांनी आकडा चुकलेला दिसला की मूल बाकीच्या धड्यावरही विश्वास ठेवत नाही.

त्यापेक्षा दुसरं गणित द्यावं, ते कधी चुकत नाही. एक लिटर पेट्रोलचं वजन सुमारे पाऊण किलो. ते जळल्यावर किती कार्बन डायऑक्साइड होतो? मुलं म्हणतात, पाऊण किलोहून कमीच, थोडं वाया जात असेल. उत्तर आहे सुमारे २.३ किलो. वर्गात गोंधळ माजतो. मग फळ्यावर मांडायचं: त्या पेट्रोलमध्ये ६४० ग्रॅमच्या आसपास कार्बन असतो, आणि १२ ग्रॅम कार्बन हवेतला ३२ ग्रॅम ऑक्सिजन पकडून ४४ ग्रॅम वायू होतो. उरलेलं वजन हवेनं दिलं. बाबांच्या स्कूटरची टाकी पाच लिटरची असेल तर एका टाकीमागे साडेअकरा किलो. खाजणाच्या चिखलात कुजायचं राहून गेलं होतं ते काम स्कूटर पुरं करते, आणि तेव्हा हवेबाहेर गेलेला कार्बन आज हवेत परत येतो. लाकूड जळल्यावरही कार्बन डायऑक्साइडच सुटतो, पण तो दहा-वीस वर्षांपूर्वी हवेतच होता. आजीच्या यादीतली इंधनं मुलांनी आता या कसोटीवर दोन रकान्यांत लावावीत. पऱ्हाट्या एकीकडे, रॉकेल दुसरीकडे. उसाच्या मळीपासूनचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल कुठे लावायचं, यावर वाद झाला तर होऊ द्यावा.

यादीत गोबरगॅस असेल तर त्याच्यापाशी थोडं रेंगाळावं, कारण काळ्या चिखलाची करामत तिथे माणूस मुद्दाम घडवून आणतो. शेण आणि पाणी कालवून बंद विहिरीत सोडायचं, हवा लागू द्यायची नाही. ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू काही आठवड्यांत मिथेन देतात. १८९७ मध्ये माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून असा वायू काढून वापरला जात होता. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारं घरगुती आकाराचं यंत्र केलं, त्याला २००६ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. मुंबईत पाइपनं घरोघरी येणारा गॅसही मुख्यतः मिथेनच, आणि त्यातला काही समुद्राखालून आलेला. वास यावा म्हणून त्यात दुर्गंधी रसायन मिसळतात, जसं सिलिंडरच्या गॅसमध्ये मिसळतात. मिथेनला स्वतःला वास नसतो. मिथेन हवेहून हलका, गळला तर छताकडे जातो; सिलिंडरचा गॅस जड, तो जमिनीलगत पसरतो. वास आला तर दिव्याचं बटण दाबायचं नाही, खिडक्या उघडायच्या, आणि घरी कुठला गॅस आहे त्याप्रमाणे आधी वरची खिडकी की खालचं दार, हे ठरवायचं. हा शेवटचा प्रश्न गृहपाठाला द्यावा, आणि उत्तर घरातल्या सगळ्यांना समजावून सांगितलं का, तेही दुसऱ्या दिवशी विचारावं.